हाड भरून काढणारी जैवक्रियाशील काच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः बायोमटेरियल्सवर काम करणारे विद्यार्थी, दंतवैद्य आणि अस्थिशल्यचिकित्सक यांच्यासाठी आहेत. रुग्णांना आणि नातेवाइकांना पडणारे काही प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

जैवक्रियाशील काच खिडकीच्या काचेपेक्षा वेगळी कशी?

खिडकीच्या काचेत वजनाने सत्तर टक्क्यांहून अधिक सिलिका असते. तिची जाळी इतकी घट्ट असते की पाण्याने तिचं वर्षानुवर्षं फारसं काही बिघडत नाही. जैवक्रियाशील काचेत सिलिका मुद्दाम कमी ठेवतात, सोडियम आणि कॅल्शियम वाढवतात आणि थोडा फॉस्फरस घालतात. त्यामुळे जाळी विस्कळीत होते आणि शरीरातल्या द्रवात काच विरघळू लागते. हे विरघळणं हाच तिचा गुण आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी एकच गोष्ट सापडेल: काच किती वेगाने विरघळते आणि तो वेग आपल्या ताब्यात आहे की नाही.

पहिली अशी काच लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात बनवली. तोवर शरीरात बसवलेल्या धातू आणि प्लास्टिकभोवती तंतुमय आवरण तयार होई आणि हाड त्यापासून अलग राही. हेंच यांच्या काचेचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले, तेव्हा सहा आठवड्यांनी ते ओढूनही निघेनात. त्या काचेचं नाव ४५एस५.

काच हाडाला चिकटते म्हणजे नेमकं काय होतं?

काच ओली झाली की तिच्या पृष्ठभागातलं सोडियम बाहेर पडतं आणि त्याची जागा पाण्यातला हायड्रोजन आयन घेतो. त्यामुळे भोवतालच्या द्रवाचा सामू (पीएच) वाढतो. वाढलेल्या सामूमुळे सिलिकाचे बंध तुटतात, पृष्ठभागावर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट) तयार होतात आणि ते पुन्हा एकमेकांना जुळून सच्छिद्र सिलिका जेलचा थर बनतो. त्या थरावर काचेतून आणि द्रवातून आलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट आधी अस्फटिक स्वरूपात साचतं. मग त्यात कार्बोनेट शिरतं आणि त्याचं स्फटिकमय कार्बोनेटेड हायड्रॉक्सीअॅपेटाइट होतं. हाडाचं खनिज जवळपास याच घडणीचं असल्याने कोलॅजेन आणि पेशी त्यावर बसतात. ४५एस५ च्या बाबतीत रसायनाचा हा भाग साधारण एका दिवसात उरकतो. हाड तयार व्हायला मात्र आठवडे आणि महिने लागतात, हा फरक अहवाल लिहिताना विसरू नये.

दुसरी गोष्ट पेशींच्या पातळीवर घडते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २००० च्या सुमारास झालेल्या कामात दिसलं, की काचेतून सुटलेले सिलिकॉन आणि कॅल्शियमचे आयन योग्य मात्रेत मिळाले तर हाड घडवणाऱ्या पेशींमधली वाढीशी निगडित जनुकं जास्त सक्रिय होतात. ‘योग्य मात्रेत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मात्रा वाढली की त्याच पेशी मरतात.

४५एस५, एस५३पी४, १३-९३, ५८एस या काचांतली कोणती घ्यावी?

४५एस५ मध्ये वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असतं. ही सगळ्यांत चपळ. दाणे किंवा भुकटी म्हणून वापरायची असेल तर उत्तम. पण तापवून आकार द्यायचा असेल तर त्रास देते. कारण पुढे येईलच.

एस५३पी४ ही फिनलंडमधल्या तुर्कू इथली काच: ५३ टक्के सिलिका, २३ टक्के सोडियम ऑक्साइड, २० टक्के कॅल्शियम ऑक्साइड, ४ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. थोडी संथ, पण जंतुसंसर्ग झालेल्या हाडाच्या पोकळीसाठी हिचा वैद्यकीय अनुभव सर्वांत मोठा.

१३-९३ मध्ये सिलिका ५३ टक्केच, पण सोडियम ६ वर आणून १२ टक्के पोटॅशियम ऑक्साइड आणि ५ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड घातलेलं असतं. कॅल्शियम आणि फॉस्फरस एस५३पी४ इतकंच. वेगवेगळ्या आकाराचे घटक मिसळल्याने ती सहजी स्फटिकीत होत नाही. तिचे धागे ओढता येतात, जाळीदार सांगाडे (हाडाला आत वाढायला आधार देणारे सच्छिद्र तुकडे) छापून भाजता येतात.

५८एस वितळवून न बनवता सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रव रसायनांचं जेल करून ते वाळवून आणि भाजून बनवतात. तिच्यात सोडियम नसतं. तिच्यातली नॅनोमीटर मापाची छिद्रं एका ग्रॅमला शंभर चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग देतात. वितळवलेल्या काचेच्या बारीक भुकटीत तो एक चौरस मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणूनच वितळवलेल्या काचेत सिलिका ६० टक्क्यांच्या वर गेली की हाडाशी बंध होत नाही, पण सोल-जेल काच त्याहून बऱ्याच अधिक सिलिकेलाही क्रियाशील राहते.

पहिल्यांदाच काम सुरू करणाऱ्याने दाण्यांसाठी ४५एस५ आणि सांगाड्यासाठी १३-९३ घ्यावी, असं आमचं मत. ४५एस५ प्रसिद्ध आहे म्हणून तिचाच सांगाडा करायचा हट्ट धरू नये.

प्रयोगशाळेत १०० ग्रॅम ४५एस५ बनवायची तर काय आणि किती घ्यावं?

शुद्ध सिलिका ४५.० ग्रॅम, सोडियम कार्बोनेट ४१.९ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट ४३.७ ग्रॅम आणि अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट ९.७ ग्रॅम. एकूण सुमारे १४०.३ ग्रॅम मिश्रण होतं. त्यातले ४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि वाफ होऊन उडून जातात. फॉस्फरस पेंटॉक्साइड थेट घेऊ नये. ते हवेतलं पाणी इतकं झपाट्याने शोषतं की वजनाचा भरवसा राहत नाही. सोडियम कार्बोनेटही आधी वाळवून घ्यावं.

मिश्रण तासभर कोरडंच घोळवून प्लॅटिनमच्या मुशीत निम्म्यापर्यंत भरावं. भट्टी हळू चढवत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास एक-दोन तास थांबावं, म्हणजे वायू निघून जातात. इथे घाई केली तर मिश्रण फसफसून मुशीबाहेर येतं, आणि सोडियमयुक्त द्रव भट्टीच्या विटा खातो. पुढे १३५० ते १४०० अंशांवर दोन ते चार तास ठेवून ओतावं. ओतलेली काच भरडून पुन्हा एकदा वितळवली तर रचना एकसारखी होते. हा दुसरा फेरा बरेच जण टाळतात आणि मग एकाच घाण्यातले नमुने वेगवेगळे वागतात.

अॅल्युमिनाची मूस स्वस्त पडते, पण वितळलेल्या काचेत अॅल्युमिना उतरतं आणि ते काचेची जाळी घट्ट करतं. काही टक्के अॅल्युमिनाही हाडाशी होणारा बंध थांबवायला पुरेसं असतं. नाइलाजाने वापरलीच तर तयार काचेचं रासायनिक विश्लेषण केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दळण्याचंही तसंच. पाण्यात दळू नका, पाण्यात काचेची प्रक्रिया तिथेच सुरू होते. कोरडं दळा किंवा निर्जल इथेनॉलमध्ये, झिर्कोनियाच्या गोळ्यांनी. चाळल्यावर दाण्यांना चिकटलेली धूळ अॅसिटोनने धुऊन टाका. ही धूळ राहिली तर चाळणीवर ‘५०० मायक्रॉन’ लिहिलेलं असूनही नमुना भुकटीसारखा वागतो.

४५एस५ चा सांगाडा भाजल्यावर हातात चुरा का होतो?

भाजताना कण एकमेकांना जुळायचे तर काच मऊ होऊन थोडी वाहावी लागते. ४५एस५ साधारण ५४० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, आणि ६०० ओलांडल्यावर फार वर जायच्या आत स्फटिकीत होऊ लागते. वाहायला मधली जागाच मिळत नाही. स्फटिक आल्यावर वाहणं थांबतं, कण फक्त टेकलेले राहतात.

पॉलियुरेथेन स्पंज काचेच्या लगद्यात बुडवून बनवलेल्या सांगाड्यांमध्ये यावर तोडगा म्हणून तापमान थेट १००० अंशांवर नेतात. साधारण पद्धत अशी: ४० टक्के काच असलेला लगदा, बंधक म्हणून थोडं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, मिनिटाला २ अंशांनी ४०० पर्यंत चढवून स्पंज जाळणे, मग १००० अंशांवर तासभर भाजणे. छिद्रांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास राहतं, पण दाब सहन करण्याची ताकद ०.३ ते ०.४ मेगापास्कलच निघते. हाडाच्या जाळीदार भागाची ताकद साधारण २ ते १२ मेगापास्कल असते. शिवाय काच अर्धवट स्फटिकीत असते, म्हणून उरलेला काचेचा भाग आधी विरघळतो, स्फटिक मागे राहतात आणि द्रवात ठेवल्यावर सांगाडा खचतो.

चुऱ्याची आणखी दोन कारणं नेहमी दिसतात. स्पंज पिळताना जास्तीचा लगदा निघत नाही आणि आतली छिद्रं बुजतात; किंवा ४०० च्या टप्प्यावर चढण वेगाने होते आणि स्पंजाच्या वायूने काड्यांना तडे जातात. काड्या मधोमध पोकळ राहतात, कारण स्पंज होता तिथे जागा उरते, हे या पद्धतीचं मूळ दुखणं आहे. १३-९३ छापून, थर रचून भाजली तर ताकद कित्येक पटींनी वाढते.

५८एस ची कृती सांगाल?

मोल प्रमाण सिलिका ६०, कॅल्शियम ऑक्साइड ३६, फॉस्फरस पेंटॉक्साइड ४. सुमारे ६.२ ग्रॅम काचेसाठी हे प्रमाण घ्या:

• पाणी १४.७ मिलिलिटर आणि २ नॉर्मल नायट्रिक आम्ल २.५ मिलिलिटर
• टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट १२.५० ग्रॅम
• ट्रायइथिल फॉस्फेट १.४६ ग्रॅम
• कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट ८.५० ग्रॅम

आम्लमिश्रित पाण्यात सिलिकेट ढवळत घाला. सुरुवातीला तेलासारखे दोन थर दिसतात. तासाभरात द्रव पारदर्शक आणि थोडा गरम झाला म्हणजे जलविघटन नीट झालं. द्रव गढूळ असतानाच पुढचं रसायन घातलं तर जेल एकसारखं होत नाही. त्यानंतर फॉस्फेट, पाऊण तासाने कॅल्शियम नायट्रेट, आणि आणखी तासभर ढवळणं. घट्ट झाकणाच्या टेफ्लॉनच्या डब्यात खोलीच्या तापमानाला तीन दिवस, मग ६० ते ७० अंशांवर तीन दिवस. १२० ते १३० अंशांवर हळूहळू वाळवा आणि शेवटी ७०० अंशांवर तीन तास.

सर्वांत जास्त होणारी चूक हिशेबाची. एका फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरसचे दोन अणू असतात, म्हणून ०.००४ मोलसाठी ट्रायइथिल फॉस्फेट ०.००८ मोल लागतं. हे विसरलं की फॉस्फरस निम्म्यावर येतो आणि नमुना ५८एस राहत नाही.

शेवटचं भाजणं टाळून ‘६० अंशांवर वाळवली, पुरे’ असं करू नये. नायट्रेट जळून जायला सुमारे ६०० अंश लागतात, आणि त्या उष्णतेनेच कॅल्शियम काचेच्या जाळीत शिरतं. नायट्रेट राहिलं तर पेशींना घातक ठरतं. या टप्प्यावर तपकिरी, विषारी धूर निघतो. भट्टी धुराड्याखालीच हवी.

कृत्रिम शरीरद्रव गढूळ होतो. का?

काचेवर अॅपेटाइट बनतं का हे पाहायला ती रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या कृत्रिम शरीरद्रवात ठेवतात. जपानी संशोधक कोकुबो यांच्या पद्धतीत एका लिटरसाठी क्रमाने असं घालतात: सोडियम क्लोराइड ८.०३५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.३५५, पोटॅशियम क्लोराइड ०.२२५, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ट्रायहायड्रेट ०.२३१, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.३११, मग १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३९ मिलिलिटर, नंतर कॅल्शियम क्लोराइड ०.२९२, सोडियम सल्फेट ०.०७२ आणि शेवटी ट्रिस (सामू स्थिर ठेवणारं रसायन) ६.११८ ग्रॅम.

आम्ल कॅल्शियमच्या आधी घालतात ते उगीच नाही. आम्ल नसताना कॅल्शियम पडलं की फॉस्फेटचा साका लगेच बसतो. ट्रिस एकदम ओतलं तरी तेच होतं, कारण त्या जागी सामू क्षणभर उसळतो. ते चिमटीचिमटीने घालावं आणि सामू ३६.५ अंशांवरच ७.४० ला आणावा. ट्रिसचा सामू तापमानानुसार बदलतो, त्यामुळे थंड द्रवात जुळवलेला आकडा निरुपयोगी ठरतो. भांडं प्लास्टिकचं आणि ओरखडे नसलेलं हवं. ओरखड्यांवर साका धरतो. कॅल्शियम क्लोराइड ओलसर असेल तर वजन चुकतं, ते वाळवूनच मोजा. तयार द्रव ५ ते १० अंशांत ठेवून महिनाभरात संपवा.

नमुना किती आणि द्रव किती?

सपाट तुकड्यासाठी मिलिलिटरमधला द्रव म्हणजे चौरस मिलिमीटरमधल्या पृष्ठभागाचा दहावा भाग. भुकटीसाठी ५० मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम हे प्रमाण तुलनेला सोयीचं आहे. भुकटी जास्त घातली की सामू भरमसाट चढतो, आणि मग अॅपेटाइटऐवजी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट, तयार होतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फुलकोबीसारखे गोळे दिसले. अॅपेटाइट झालं ना?

अजून नाही. कॅल्साइटही फसवतं आणि अस्फटिक फॉस्फेटही. अवरक्त वर्णपटात ५६० ते ६०५ प्रति सेंटिमीटरच्या भागात फॉस्फेटची दुहेरी टोकं वेगळी दिसली पाहिजेत. एकच रुंद उंचवटा असेल तर तो थर अजून अस्फटिक आहे. क्ष-किरण विवर्तनात २६ आणि ३२ अंशांच्या कोनांजवळची टोकं शोधा, २९.४ ला ठसठशीत टोक आलं तर ते कॅल्साइट. सोबत द्रवातल्या कॅल्शियम, फॉस्फरस आणि सिलिकॉनचं मापन द्या. फॉस्फरस घटलेला दिसला तर तो काचेवर बसला, असं म्हणायला आधार मिळतो.

हे सगळं जमलं तरी ‘हाड तयार होईल’ असा निष्कर्ष काढू नये. या द्रवात प्रथिनं नसतात, पेशी नसतात, रक्ताभिसरण नसतं. ही चाळणी आहे, पुरावा नव्हे. प्रबंधांमध्ये याबाबत होणारी अतिशयोक्ती थांबायला हवी, कारण पुढचा संशोधक त्याच आधाराने प्राण्यांवर प्रयोग आखतो.

पेशींच्या चाचणीत काच विषारी ठरते. मग ती रुग्णात कशी चालते?

बंद वाटीत सुटलेलं सोडियम कुठे जाणार? सामू चढत राहतो. शरीरात रक्त आणि ऊतकद्रव ते वाहून नेतात. म्हणून चाचणीआधी नमुने पोषक माध्यमात एक ते तीन दिवस भिजवून माध्यम बदलतात. मात्र हे भिजवणं अहवालात लिहावं, आणि न भिजवलेल्या नमुन्याचा निकालही सोबत द्यावा. माध्यमाचा सामू मोजल्याशिवाय ‘विषारी’ किंवा ‘सुरक्षित’ म्हणण्यात अर्थ नाही.

स्ट्राँशियम, तांबं, चांदी घालावी का?

कारण असेल तर. स्ट्राँशियम हाड घडवणाऱ्या पेशींना अनुकूल, तांबं रक्तवाहिन्यांच्या वाढीला, चांदी जंतूंविरुद्ध. पण कॅल्शियमच्या जागी स्ट्राँशियम वजनाने बदलू नका, मोलने बदला. स्ट्राँशियमचा अणू दुपटीहून जड आहे. वजनाने बदललं की सिलिकेचं मोल प्रमाण आपोआप वाढतं, काच संथ होते आणि तुम्ही तो परिणाम स्ट्राँशियमच्या नावावर खपवता. चांदी आणि तांब्यात जंतू मरण्याची मात्रा आणि पेशी मरण्याची मात्रा यांत अंतर थोडंच असतं.

जंतुसंसर्ग झालेल्या हाडात एस५३पी४ का वापरतात?

काच विरघळताना भोवतालचा सामू आणि परासरण दाब वाढतो. त्या वातावरणात जिवाणू तगत नाहीत आणि प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जंतूंनाही याचा फटका बसतो. प्रतिजैविक भरलेले सिमेंटचे मणी काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते, तशी या काचेला लागत नाही.

मात्र काच स्वच्छतेची जागा घेत नाही. मेलेलं हाड पूर्ण खरवडून रक्त पाझरणारा भाग दिसेपर्यंत जावं लागतं. दाणे सलाइनमध्ये ओलावून पोकळीत भरतात. ते एकमेकांना टेकलेले असावेत, पण ठोकून चुरू नयेत; चुरा झाला की मधल्या फटी बुजतात आणि रक्तवाहिन्यांना वाट राहत नाही. भरल्यावर जोराने धुऊ नये, शोषनळी दाण्यांपासून दूर ठेवावी. वर निरोगी, रक्तपुरवठा असलेली मऊ ऊतकं ताण न देता बंद झालीच पाहिजेत. अपयशाचं मोठं कारण अनेकदा हे आवरणच असतं. काही रुग्णांत जखमेतून स्वच्छ द्रव पाझरतो. तो पू समजून लगेच जखम उघडू नये, पण तपासणी टाळूही नये. शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविकांचा कोर्स चालूच असतो.

भार येणाऱ्या जागी चालते का?

एकटी नाही. काच दाब सोसते, वाक आणि पीळ सोसत नाही. प्लेट, खिळा किंवा बाह्य चौकट हवीच.

स्वतःच्या हाडाचा ग्राफ्ट की काच?

जिवंत पेशी आणि वाढघटक दोन्ही देणारा स्वतःच्या हाडाचा ग्राफ्ट अजूनही पहिल्या पसंतीचा आहे. त्याची मर्यादा म्हणजे कमरेच्या हाडातून तो मोजकाच मिळतो आणि काढल्या जागी दुखतं. मोठ्या पोकळीत दोन्ही मिसळून वापरता येतात. हायड्रॉक्सीअॅपेटाइट काचेपेक्षा फार हळू शोषलं जातं. भारतात हायड्रॉक्सीअॅपेटाइट आणि काच यांचा मिलाफ करण्याचं काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत झालं आहे.

निर्जंतुक कशी करावी?

कोरड्या उष्णतेने किंवा गॅमा किरणांनी. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये पृष्ठभागाची प्रक्रिया सुरू होते. गॅमा किरणांनंतर काच तपकिरी पडू शकते, त्याने घाबरून जाऊ नये. पाकीट ओलावारोधक हवं. प्रयोगशाळेतली भुकटी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. झाकण सैल राहून दमट झालेली, गुठळ्या धरलेली काच पुन्हा वाळवली तरी आधीसारखी होत नाही.

एक्स-रेमध्ये वर्षानंतरही दाणे दिसतात. काच तशीच राहिली का?

मोठे दाणे वर्षानुवर्षं दिसू शकतात, विशेषतः एस५३पी४ चे. त्यांच्याभोवती आणि मध्ये हाड भरलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी एक्स-रे काढताना पूर्वी काच भरल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा, नाहीतर ते मेलेल्या हाडाचे तुकडे वाटू शकतात. विरघळलेली सिलिका मुख्यतः लघवीवाटे बाहेर जाते. दुखणं वाढलं, ताप आला किंवा जखम पुन्हा वाहू लागली तर मात्र एक्स-रेची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जावं.

टूथपेस्टमध्ये हीच काच असते का?

हो, काही पेस्टमध्ये. ट्यूबवर ‘कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट’ लिहिलेलं असेल तर ती ४५एस५ ची बारीक भुकटी आहे, बहुधा ५ टक्के. दातांच्या उघड्या पडलेल्या सूक्ष्म नलिकांच्या तोंडाशी ती फॉस्फेटचा थर बसवते, त्यामुळे थंड-गरमाची कळ कमी होते. अशा पेस्टमध्ये पाणी नसतं, त्याऐवजी ग्लिसरीन असतं. पाणी असतं तर काच ट्यूबमध्येच संपली असती. परिणाम दिसायला काही आठवडे रोज घासावं लागतं, आणि लगेच भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरल्या तर बसलेली भुकटी धुतली जाते.